वाणातली वायर

१ जानेवारी

नवीन वर्ष माझ्या घरात सुरू होत नाही, शेजारी रखमाकडे होतं. पहाटे पावणेपाचला भिंतीपलीकडे तिचा अलार्म वाजतो आणि अलीकडे मी उठून बसते. आजसुद्धा! रात्री अख्ख्या डिलाईल रोडने फटाके फोडले, त्यातून कशीबशी झोप लागते ना लागते तोच हे टिणटिण टिणटिण. दगडूभावजी, तिचे यजमान, होते तेव्हा ठीक होतं. बसवर ड्रायव्हर, कायम फर्स्ट शिफ्ट, पावणेपाचला उठणं भागच होतं. ते जाऊन दीड वर्ष झालं. आता रखमाला कुठली बस काढायचीय? पाणीसुद्धा हल्ली टाकीतून येतं. मी ह्यांना म्हटलं, तिला कुणीतरी सांगा. हे म्हणाले, "तू सांग, तुझी मैत्रीण ना?" आणि कूस बदलून घोरायला लागले. मी काय सांगणार? एकटी बाई, राहू दे.

असो. आज रडगाणं नको. आजची मोठी बातमी म्हणजे मी, सुभद्रा जगदीश परब, मोरजकर चाळीच्या उषा महिला मंडळाची चिटणीस झाले! बिनविरोध! (खरं सांगायचं तर दुसरं कुणी उभंच राहिलं नाही.) ही डायरी सुनेने दिली. नूपुर, आमच्या धनेशची बायको, दादरची. लग्नाला दोन महिने पण नाही झाले. म्हणाली, "आई, आता तुम्ही पदाधिकारी. सगळं लिहून ठेवत जा." मुलगी गोड आहे. एकच खोट आहे, आयफोनवाली आहे. मी पहिल्यापासून अँड्रॉइड. आमच्या घरात सासू-सून भांडण होतं ते मिठावरून नाही, फोनवरून. ती म्हणते माझा हँग होत नाही. मी म्हणते, तुझ्या फोनला मागे जायचं बटण तरी आहे का? माणसाने चुकून पुढे गेलं तर परत कसं यायचं?

पहिली जबाबदारी रथसप्तमीचं हळदीकुंकू. असं करून दाखवते की काळाचौकीपर्यंत नाव झालं पाहिजे.

४ जानेवारी

मिटिंग झाली. मी जिंकले! वाणाचा विषय निघाला. दरवर्षी तेच, प्लास्टिकचा डबा, नाहीतर गाळणी. माझ्या पोटमाळ्यावर इतके डबे आहेत की त्यात ठेवायला मला काही उरलेलं नाही. मी उभी राहिले आणि म्हटलं, "यंदा वाण म्हणून चार्जिंगची वायर!"

मग मी समजावलं. घरात वायरी असतात, पण बाईची वायर कुठे असते? आपला फोन लावला की नवरा काढतो, म्हणतो माझी मिटिंग आहे. पोरगा काढतो, म्हणतो गेम अर्ध्यात आहे. आपला फोन आपला चार टक्क्यांवर. म्हणून बाईची स्वतःची वायर, तिला कुणी हात लावायचा नाही! काय टाळ्या पडल्या! मला अंगावर काटाच आला.

मग समोरच्या गॅलरीतल्या कौसल्यावहिनींनी विचारलं, "पिन कुठली?"

झालं. कौसल्यावहिनी म्हणजे अशाच. त्यांच्या बौद्ध घरात हळदीकुंकू नसतं, पण कार्यक्रमाला दरवर्षी येतात, तिळगूळ घेतात, वाण घेतात, कुंकू नाही लावून घेत. कुणाला कधी त्यात काही वाटलं नाही. आणि प्रश्न विचारतात तो बरोब्बर मर्मावर. नव्या अँड्रॉइडची पिन वेगळी, जुन्याची वेगळी, जुन्या आयफोनची तिसरीच, आणि नव्या आयफोनला म्हणे परत अँड्रॉइडचीच लागते. एवढी घरं, कुणाकडे काय आहे कुणास ठाऊक!

तेवढ्यात कॉलेजला जाणाऱ्या अपेक्षाने कल्पना काढली. "काकी, घरोघरी जाऊन विचारा ना. आणि कार्यक्रमात सामनाच ठेवू, अँड्रॉइड विरुद्ध आयफोन. दोन टीम, वाद घालायचा, शेवटी हात वर करून मतदान!" संगीत खुर्चीला माझे गुडघे गेल्या वर्षीपासून नाही म्हणतातच. लगेच मंजूर केलं.

रखमा मिटिंगला नव्हती. ती आता हळदीकुंकवाच्या कशालाच येत नाही. नूपुरने विचारलं, "का नाही येत काकी?" म्हटलं, अगं, पद्धत आहे. वाईट वाटतं. पूर्वी उखाण्यात तिचा हात धरणारी चाळीत कुणी नव्हती. पण आपण काय करणार?

६ जानेवारी

आज तीन मजले केले. पाय दुखतायत पण डोकं असं चालतंय की विचारू नका. मी नुसती पिन विचारायला गेले होते, बायका अख्खी कहाणी सांगतात! कुठला फोन आवडतो असं विचारलं की सगळ्यांचा चेहराच उजळतो.

कौसल्यावहिनी पक्क्या अँड्रॉइड. फोन तोंडाजवळ धरून मराठीत बोलतात, तो लिहून काढतो. सोलापूरच्या बहिणीला रोज एवढं मोठं पत्र पाठवतात, एक अक्षर टाईप न करता. मध्ये नातवाला "गप बस रे" म्हणाल्या, तेही पत्रात गेलं. बहिणीने विचारलं, मी काय केलं? त्यांची सून प्रिती आयफोनवाली, जुन्या पिनवाली. हॉस्पिटलात नर्स. म्हणाली, "काकी, पाच वर्षं झाली, तीनदा पडला, अजून पहिल्या दिवसासारखा चालतो. आणि फोटो बघा!" बघितले. बरे असतात. आयफोनला एक मार्क.

अपेक्षाला आयफोन हवाय. का? तर मैत्रिणी फोटो काढल्यावर हवेतल्या हवेत एकमेकींना पाठवतात आणि हिला म्हणतात, तुला नंतर पाठवतो. मी म्हटलं, मग नंतर घे. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. ह्या वयात असतं असं. तळमजल्यावरच्या एकीने तर आयफोन घेतलाय आणि कव्हरच लावत नाही, म्हणजे मागचं सफरचंद दिसलं पाहिजे. पडला तर? "पडला तर पडला, दिसला पाहिजे."

अँड्रॉइडचं कौतुक वेगळं. दोन सिम, मेमरी कार्ड, कुणाचाही चार्जर चालतो, रस्त्यावर कुणीही दुरुस्त करतं. आयफोनचं म्हणजे सगळं बंद. कोड माहीत नसेल तर उघडतच नाही. दगडूभावजींचंच बघा ना. भाच्याने दुबईहून जुना आयफोन आणून दिला होता, कोड कुणाला सांगितला नाही, आणि गेले. दुकानवाले म्हणाले उघडून देऊ, पण आतलं सगळं पुसलं जाईल. रखमाने नको म्हणून सांगितलं. आता तो पडून आहे, त्यांच्या फोटोसमोर ठेवलाय नुसता. अँड्रॉइडला दोन मार्क.

शेवटी एक गोष्ट लक्षात आली. कुठलाही फोन असू दे, बायका त्याच्यावर करतात एकच, व्हॉट्सॲप.

९ जानेवारी

आज बाजार! क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला घाऊक दुकानं आहेत तिथे मी आणि अपेक्षा. सॅम्पल लागणार होतं, नाहीतर दुकानदार काहीही गळ्यात मारतो. सी टाईप माझ्याकडे होती, जुनी साधी पिन कौसल्यावहिनींची. आयफोनची जुनी पिन प्रितीकडे मागायची तर ती ड्युटीवर. मग रखमाकडे गेले. दगडूभावजींच्या फोटोखाली वायर लोंबतच होती. म्हटलं, "रखमे, ही जरा देतेस? दाखवायला."

ती जरा घुटमळली. "माका संध्याकाळी परत दे हां, सुभद्रे."

"देते गो! खाणार आहे का मी?"

दुकानात काय घासाघीस केली! दुकानदार घामाघूम. म्हणाला, "बहेनजी, आप रहने दो, आप ही दुकान चलाओ." तिन्ही प्रकार मिळून ऑर्डर दिली. सॅम्पल मात्र त्यानेच ठेवून घेतली, तशीच हवीत ना म्हणून. येताना हिंदमाताला उतरून नूपुरच्या संक्रांतीसाठी काळी साडी घेतली, चंद्रकळा, बारीक जरीकाठ. तिला असली शोभेल!

१० जानेवारी

पोटमाळा साफ केला. वाणाचे जुने डबे भंगारवाल्यालाही नको होते. गंमतच.

११ जानेवारी

आज अलार्म वाजला नाही! मी चक्क सहा वाजता उठले! मस्त झोप. किती दिवसांनी अशी झोप लागली. रखमाला कुणीतरी शिकवलं वाटतं बंद करायला. देव पावला.

१२ जानेवारी

आजही नाही वाजला. हे म्हणाले, "तुझा चेहरा टवटवीत दिसतोय." लग्नाला तीस वर्षं झाली, असं वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

जिन्यात रखमा भेटली. "वायर झाली काय गो तुझी?" म्हटलं, दुकानदाराकडे आहे, माल आला की देते. तिचे डोळे सुजल्यासारखे वाटले. सर्दी असेल, हवा बदललीय.

१४ जानेवारी, संक्रांत

काय दिवस गेला! नूपुरची पहिली संक्रांत. काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने, हार, बाजूबंद, मुकुट, नाकात नथसुद्धा हलव्याची! गॅलरीत उभी राहिली तर समोरच्या मजल्यावरून शिट्टी आली. (धनेशच होता, मूर्ख.) फोटो तिच्या आयफोनवरही काढले आणि माझ्या फोनवरही. माझ्या फोनमध्ये ती जरा जास्त गोरी दिसते, तिच्या फोनमध्ये आहे तशी दिसते. मला आहे तशीच आवडली. आयफोनला अजून एक मार्क, बरोबरी झाली.

तिळगूळ द्यायला नूपुर रखमाकडे गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली ती दागिन्यातला हलवा एकेक काढत बसली. मग म्हणाली, "आई, रखमाकाकींना त्यांची वायर हवीय."

म्हटलं, हो गं, माल आल्यावर.

"आधी नाही आणता येणार?"

एका वायरीसाठी आता बाजारात जाऊ? सणाच्या दिवशी? मी स्वतः मग रखमाकडे जाऊन आले, लाडू दिला, गोड बोल म्हटलं. तिने परत विचारलंच. मी हसून म्हटलं, "अगो, एवढं काय, फोन तर पडूनच असतो!" तिने लाडू फोटोसमोर ठेवला. दार लावून घेतलं. सणाला माणसाला आठवण येतेच.

२१ जानेवारी

सात दिवस लिहायला वेळ नाही झाला आणि आज लिहायला बसले ती रागाने!

माल आला. चमकदार पाकिटं, वरती मोराचं चित्र, बघून जीव हरखला. मी म्हटलं, आधी तपासू. सी टाईप छान, साधी पिन छान. आयफोनची जुनी पिन प्रितीच्या फोनला लावली. फोनने आवाज केला, म्हटलं वा! आणि स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी आलं. प्रितीने वाचून दाखवलं, ही वस्तू चालणार नाही. दुसरी लावली, तेच. तिसरी, तेच. आयफोनला वायरसुद्धा खानदानी लागते! साध्या घरची आली की ओळख दाखवत नाही. मी इतकी चिडले की त्याचा एक मार्क काढूनच घेतला.

नूपुर म्हणाली, "आई, ते सुरक्षेसाठी असतं." मी म्हटलं, तुझी सुरक्षा तुझ्याजवळ ठेव, माझी इज्जत चाललीय. हळदीकुंकवाला बाईच्या हातात वाण दिलं आणि घरी जाऊन फोनने नाकारलं तर चिटणीस कोण? मी.

२२ जानेवारी

जिंकले, परत जिंकले! दुकानात गेले, पिशवी काउंटरवर उपडी केली, आणि माझं हिंदी असं सुटलं की बाजूचं गिऱ्हाईक माझ्या बाजूने बोलायला लागलं. दुकानदाराने मुकाट्याने चांगल्या वायरी काढून दिल्या, तिथेच त्याच्या स्वतःच्या आयफोनला लावून बघितल्या, तेव्हा सोडला. तो पण आयफोनवाला निघाला!

रखमाची वायर मागितली. म्हणे, "कौनसा सॅम्पल?" सगळे ड्रॉवर उघडले, नाहीच. हरवली. जाऊ दे, वाणातली एक नवी कोरी देऊन टाकू तिला. जुनी पिवळी पडली होती, बरंच झालं.

२४ जानेवारी

काय लिहू. लिहायलाच पाहिजे.

वाण भरायला रखमाला बोलावलं. कार्यक्रमाला बसत नाही म्हणून काय झालं, कामाला तर हात लागतो, आणि तिला पण बरं वाटेल, असा मी मोठा विचार केला होता. आम्ही तिघी, मी, नूपुर, रखमा. पिशवीत वायर, तिळगूळ, हळदीकुंकवाची पुडी, गाठ. रखमा भरत होती. आयफोनच्या वायरींवर आली तशी थांबली. एक हातात घेऊन म्हणाली, "ही चालता? हिच्यावर लिहून नाही ना येवचा? मी नऊ तारखेक हिंदमाताच्या पुलाखालून आणलंलय एक. फोनान घेतलीच नाय."

मी विचारलं, "कुठल्या फोनाने?"

ती उठली, घरी गेली, दगडूभावजींचा फोन पदरात धरून घेऊन आली. प्लगला वायर लावली आणि काळ्या काचेकडे बघत बसली. मग बोलली. तिचं बोलणं आहे तसं लिहिते.

"ह्यांनी अलार्म लावून ठेवलेलो गो. कोड नाय म्हणून काढूक येणा नाय, पण रोज वाजता. पावणेपाचला. मी उठतंय, बोटान बंद करतंय. तेवढाच. ह्यांनीच उठवल्यासारखा वाटता. म्हणान मी रोज चार्ज करतंय."

तो अलार्म रखमाचा नव्हताच. दीड वर्ष मी भिंतीच्या अलीकडे चरफडत होते, आणि पलीकडे दगडूभावजी बायकोला उठवत होते. आणि त्यांची वायर मी नेली, मीच. तिने दोनदा मागितली, आणि मी काय म्हटलं? फोन तर पडूनच असतो. मागची पानं उलटली. अकरा तारखेला माझ्याच अक्षरात लिहिलंय, मस्त झोप. देव पावला. मला माझंच तोंड फोडावंसं वाटलं. मी रडले, तिच्यासमोरच. रखमा म्हणाली, "गप गो, तुका काय म्हायती?" उलट तीच माझी समजूत काढत होती! मग दोघी रडलो.

फोन काही उठेना. नूपुर म्हणाली, बॅटरी पूर्ण गेलेली, वेळ लागेल, कदाचित उठणारही नाही. आम्ही तिघी त्या काचेकडे बघत बसलो. हे मधेच येऊन जेवायचं विचारून गेले, कुणी वर बघितलं नाही. शेवटी, देवा, ते सफरचंद आलं! आयुष्यात कधी मला ते सफरचंद बघून एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं. मग त्यांचा फोटो आला, मालवणच्या जेट्टीवर दोघं, रखमाच्या डोक्यात अबोलीचा गजरा. रखमा हसली.

पण घड्याळ चुकलेलं. रात्रीचे नऊ वाजले होते आणि फोनमध्ये दहा तारीख, सकाळचे सव्वाआठ. नूपुर म्हणाली, "बंद पडला तिथेच थांबलाय. सिम बंद, नेट नाही, आणि कोडशिवाय वेळ बदलता येणार नाही." म्हणजे पहाटेचा अलार्म पहाटे वाजणार नाही. रखमाचा चेहरा परत पडला. मला वाटलं, माझ्यामुळे तेही गेलं.

नूपुर मात्र बोटं मोजत काहीतरी पुटपुटत होती. देवाचं नाव घेत होती की काय कोण जाणे. मग रखमाला म्हणाली, "काकी, उद्या कार्यक्रमाला या. आणि हा फोन बरोबर आणा."

रखमा म्हणाली, "मी? आणि हळदीकुंकवाक?"

मी म्हटलं, "हो. चिटणीस मी आहे." बोलून गेले खरी, आता झोप येत नाहीये. उद्या ताट घेऊन तिच्यासमोर उभी राहिले की काय करायचं मला माहीत नाही.

२५ जानेवारी, रथसप्तमी

आधी सामना! अँड्रॉइडकडून मी आणि कौसल्यावहिनी, आयफोनकडून प्रिती आणि नूपुर. हशा, ओरडाआरडा, अख्खी चाळ गॅलरीत. प्रिती म्हणाली, "आयफोन चार वर्षांनी पण विकायला काढला तरी भाव येतो." कौसल्यावहिनी म्हणाल्या, "मी विकायला घेतलेलाच नाही, वापरायला घेतलाय." टाळ्या! मी बॅक बटणाचा मुद्दा मांडला. नूपुरने सगळ्यांसमोर काचेच्या कडेवरून बोट आत सरकवलं आणि मागे गेली. मागे जाता येतं! माझीच सून, आणि मला सांगितलं नव्हतं! वर म्हणते, "आई, तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही सांगत होतात." अख्खी चाळ हसली. मी पण हसले, काय करणार.

उखाणा तिचाच पहिला.

बॅटरी झाली लाल, नेटवर्क गेलं दूर,
धनेशरावांच्या मिस्ड कॉलला आतुर तुमची नूपुर.

मतदानात अँड्रॉइड दणदणीत जिंकला. पण हात वर करणाऱ्या बायकांना मी विचारलं, का गं आवडतो? तर निम्म्या म्हणाल्या, पोराने हाच दिला. आयफोनवाल्या म्हणाल्या, आम्हाला पण. अख्खा सर्व्हे करून मला कळलं ते एवढंच.

मग हळदीकुंकू. रखमा आली होती. दारातच उभी राहिली, आत येईना. कौसल्यावहिनींनी सतरंजीवर आपल्या बाजूला थोपटलं. "इथे बस. मी पण नुसतीच बसते. दोघी बसू." किती सोप्पं! मला एवढ्या वर्षांत का नाही सुचलं?

मी ताट घेऊन ओळीने निघाले. कौसल्यावहिनींना तिळगूळ आणि वाण दिलं. पुढे रखमा. माझा हात थांबला. मागे कुणीतरी कुजबुजलं, ते ऐकू आलं मला. रखमाने मान खाली घातली आणि नुसताच हात पुढे केला, वाणासाठी. बोट कुंकवात बुडवलेलं, आणि पुढे जाईना.

आणि तिच्या पदराखाली वाजलं! टिणटिण टिणटिण! संध्याकाळी साडेपाचला!

सगळ्या बायका दचकल्या. रखमाने फोन बाहेर काढला. काचेवर मालवणची जेट्टी, तो गजरा, आणि वरती वेळ पावणेपाच. मला एकदम लख्ख कळलं काल नूपुर बोटं कशाला मोजत होती. माझी हुशार पोर! मी तिच्याकडे बघितलं तर ती तोंडावर पदर घेऊन रडत होती आणि हसत होती.

रखमाने अलार्म बंद केला नाही. कपाळ वर केलं आणि म्हणाली, "लाव गो लवकर. ते थांबूचे नाय."

मी हळद लावली, कुंकू लावलं. अलार्म वाजतच होता. कुजबुजणाऱ्यांचं काय झालं मला माहीत नाही, मला काही ऐकू येत नव्हतं. मग रखमाने एका बोटाने तो बंद केला, अगदी सावकाश.

आयफोनचा मार्क परत दिला. वरती एक जास्त दिला. मतदान गेलं उडत.

२८ जानेवारी

आज पहाटे पावणेपाचला मला आपोआप जाग आली. भिंतीपलीकडे सामसूम. पडून राहिले, वाट बघत असल्यासारखी. हे म्हणाले, "आता तर शांतता आहे, झोप की." नाही आली झोप.

संध्याकाळी साडेपाचला बरोबर वाजला. रोज वाजतो आता. मी आमच्या गॅसवर ठेवलेला चहा तसाच बंद केला आणि रखमाकडे गेले. तिने दोन कप काढूनच ठेवले होते. वाणाची वायर फोटोखाली लावलेली, पांढरी शुभ्र.

"तुका बरा ना गो?" ती म्हणाली. "आता पहाटेची झोप मोडणा नाय तुझी."

मी म्हटलं, "मेले, मला ऐकू येत होतं हे तुला माहीत होतं?"

"म्हायत होता. भिंत एकच ना." तिने फोन हातात घेतला, एका बोटाने बंद केला आणि परत चार्जिंगला लावला. "काय करतलंस, सुभद्रे. ह्यांची शिफ्ट बदलली. आता सेकंड शिफ्ट."